मुलांची राखण कोणी करावी?

(गावच्या शाळेत भरलेल्या पालकांच्या सभेत एका शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेचा विषय मुलांची राखण हा आहे. अशा विषयावर शिक्षकाने हजेरीपट, शाळेची वेळ, रस्त्यावरच्या मोटारी यांविषयी चार शब्द सांगावे व खाली बसावे, अशी आपली अपेक्षा असेल. त्या गोष्टी आम्ही शेवटी सांगणारच आहो. परंतु आरंभी आम्ही एका बोलपटाविषयी बोलणार आहो, आणि तो बोलपट खुनाचा आहे. हे ऐकून काही वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या आहेत, त्या आम्हांस येथून दिसत आहेत. मास्तरांस सांगावयास साधुसंतांच्या गोष्टी उरल्या नाहीत काय, असे कोणी मनात म्हणतही असेल. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, साधुसंतांनी सत्य सांगितले म्हणून आपण त्यांस मानतो, आणि सत्य जेथे सापडेल तेथून ते उचलावे हीच आपल्या सत्यशोधक वडीलधाऱ्यांची शिकवण आहे. मग ते पोथीत असो, शेतात असो की पडद्यावर असो.

हा बोलपट जर्मनीतला. बर्लिन शहरात ११ मे १९३१ रोजी तो प्रथम दाखविला गेला. फ्रिट्झ लांग हे त्याचे दिग्दर्शक, व त्यांचा हा पहिलाच बोलपट. त्याची कथा त्यांनी व त्यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांनी मिळून लिहिली. या बाईंनी पुढे लांग यांच्याशी काडीमोड झाल्यावर बर्लिनमध्येच आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी विवाह केला, इतका आपल्या मुलखाशी या गोष्टीचा धागा आहे. बोलपटाचे नाव एकाच अक्षराचे, 'एम'. मारेकरी या अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते पहिले अक्षर. आपल्या मारेकरी या शब्दाचेही पहिले अक्षर तेच, हा एक योगायोग.

तो काळ कसा होता हे ध्यानात घ्या. पहिल्या महायुद्धात हरलेला देश, कारखाने बंद, माणसे रिकामी. १९३२ च्या आरंभी तेथे बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. त्यातच ड्युसेलडॉर्फ शहरात पीटर क्युर्टन नावाच्या एका नराधमाने बायका व मुले यांचे खून पाडून सारा देश भयभीत करून सोडला होता. त्यास एप्रिल १९३१ मध्ये देहान्ताची शिक्षा झाली व २ जुलै रोजी त्याचा शिरच्छेद झाला. या दोन तारखांच्या मध्येच हा बोलपट लोकांपुढे आला. मुलांना मारणारा एक माणूस शहरात मोकळा हिंडत आहे, हीच त्याची कथा. तेव्हा त्यावरून वाद माजला यात नवल नाही. कोणी म्हणाले, हा देहान्त शिक्षेच्या बाजूचा आहे. कोणी म्हणाले, विरुद्ध आहे. तो वाद आपण तूर्त बाजूस ठेवू. आरंभीची सात-आठ मिनिटे मात्र आम्ही आपल्यापुढे सविस्तर मांडणार आहो. कारण त्या सात-आठ मिनिटांत जे आहे ते आपल्या घरचे आहे.

पडदा अजून काळाच असतो, आणि एका लहान मुलीचा आवाज ऐकू येतो. मग चित्र उजळते. बर्लिनमधील मजुरांची एक मोठी चाळ, चाळीच्या मधले अंगण, आणि अंगणात रिंगण करून उभी राहिलेली मुले. मध्ये एक पोरगी उभी राहून एकेकाकडे बोट करीत गाणे म्हणते. गाणे जेथे संपेल तो बाद. आपली पोरेही राज्य कोणावर यावयाचे ते असेच ठरवितात. परंतु या गाण्यात चिऊ-काऊ नाहीत. कोयता घेऊन येणारा एक बागुलबुवा आहे, आणि तो आता तुझ्याकडेच येईल, असा त्या गाण्याचा भाव आहे. शहरात मुले नाहीशी होत आहेत, मोठी माणसे कुजबुजत आहेत, आणि पोरांनी त्या कुजबुजीचा खेळ केला आहे. पोरांचे असेच असते. आपण दाराआड जे बोलतो, ते दुसरे दिवशी शाळेच्या पटांगणात ऐकावयास मिळते, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

वरच्या सज्जातून धुण्याची जड टोपली घेतलेली एक बाई जात असते. ती मुलांवर ओरडते की हे मेले गाणे बंद करा. मुले क्षणभर गप्प होतात आणि तिची पाठ वळताच पुन्हा सुरू करतात. ती बाई जिना चढून वर येते व दमलेल्या हातांनी टोपली दुसऱ्या एका बाईच्या स्वाधीन करते. ही दुसरी बाई म्हणजे एल्सीची आई, बेकमनबाई. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी ती परटीण आहे. पहिली बाई तिजपाशी तक्रार करते की सांगूनही पोरे ते खुनाचे गाणे सोडीत नाहीत. तेव्हा बेकमनबाई जे बोलते ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ती म्हणते की, गाईनात का. त्यांचा आवाज कानी पडतो आहे तोवर ती आहेत एवढे तरी कळते.

मायबहिणींनो, हे वाक्य कोणत्याही पंडिताच्या डोक्यातून निघाले नसते. चुलीपुढे बसून, दळता-कांडता, गोठ्यात शेण भरता भरता ज्या बाईचा एक कान सदा पोरांकडे असतो, तिलाच ते सुचते. डोळ्यांनी पाहावयास तिला सवड नाही. म्हणून ती कानांनी राखण करते. अंगणात गलका चालू आहे तोवर तिचे हात कामात असतात. गलका थांबला की हात थांबतात.

पुढे पाहा. ती टबात कपडे घाशीत असते, आणि भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडतात. तिचे तोंड खुलते. शाळा सुटली! ती हात पुसते आणि जेवणाच्या तयारीस लागते. तिकडे शाळेच्या दाराशी काही पालक मुलांना न्यावयास उभे आहेत. कारण शहरात भय आहे. पण एल्सीला न्यावयास कोणी आलेले नाही. ती रस्त्यावर पाऊल टाकते, मोटारीचा कर्णा वाजतो, ती दचकून मागे होते. एक पोलीस शिपाई मोठ्या प्रेमाने तिला रस्ता ओलांडून देतो. सरकारचा पहारा असा हजर आहे. परंतु तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंतच. पुढे मूल एकटे.

इकडे आई मेजावर ताट मांडते, चमचा ठेवते, हातरुमालाची घडी ठेवते. तिकडे एल्सी चेंडू आपटीत चालली आहे. एका गोल खांबाला सरकारी जाहिरात चिकटविली आहे, खुन्याचा पत्ता देणारास १०,००० मार्क इनाम. दोन भावंडे नाहीशी झाल्याचे त्यात लिहिले आहे. एल्सी त्याच जाहिरातीवर चेंडू मारून खेळू लागते. आणि त्या कागदावर, इनामाच्या त्या अक्षरांवर, टोपी घातलेल्या एका माणसाची सावली पडते. माणूस दिसत नाही. त्याचा मऊ आवाज तेवढा ऐकू येतो. तुझा चेंडू किती छान आहे, असे तो म्हणतो व नाव विचारतो. शाळेत शिकविल्याप्रमाणे पोर आपले पूर्ण नाव सांगते.

त्यानंतर आई आणि मूल यांची दृश्ये आळीपाळीने येत राहतात. जिन्यावर पावले वाजतात. आई दार उघडते. शेजारच्या मुली आहेत. एल्सी तुमच्याबरोबर आली नाही काय? नाही. त्या वर निघून जातात. तिकडे तो माणूस एका आंधळ्या फुगेवाल्याकडून तिला फुगा घेऊन देतो, आणि शीळ घालतो. पोर लवून त्याचे आभार मानते. इकडे पुन्हा दारावर घंटी होते. आई धावते. दारात हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या कादंबरीचा विक्रेता. नवा भाग आला आहे, मोठा थरारक आहे, असे तो सांगतो. ती त्यालाच विचारते, आमची एल्सी कुठे दिसली का? नाही. तो आपल्या वाटेने जातो. घड्याळाचा काटा सव्वा वाजून पुढे सरकतो. आई जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहते. खिडकी उघडून हाक मारते. एल्सी! एल्सी!

आता दिग्दर्शक काय करतो ते ऐका. आईची हाक चालू आहे, आणि पडद्यावर एकामागून एक चार-पाच चित्रे येतात. एकाही चित्रात माणूस नाही. रिकामा जिना. कपडे वाळत घातलेला रिकामा माळा. मेजावरचे रिकामे ताट व जवळची रिकामी खुर्ची. मग झुडपातून चेंडू घरंगळत येतो व थांबतो. आणि शेवटी तो फुगा, तारायंत्राच्या तारांत क्षणभर अडकलेला, वाऱ्याने सुटून निघून जातो. बस्स. पडदा काळा होतो. खून दाखविलेला नाही. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. वाद्यांचे संगीतही नाही. पाहणारा मात्र जागच्या जागी थिजून जातो.

असे का व्हावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे कारण असे. सुरा दाखविला असता तर आपण मारेकऱ्याकडे पाहिले असते. आपले रक्त उसळले असते, आणि तेथेच विषय संपला असता. त्याने ताट दाखविले, म्हणून आपण आईच्या जागी उभे राहिलो. ताट कोणाच्या घरी नाही? शेतातून उशिरा येणाऱ्या धन्याचे ताट, शाळेतून यावयाच्या पोराचे ताट झाकून ठेवून वाट पाहिली नाही अशी एक तरी बाई या सभेत आहे काय? जर्मनीतल्या परटिणीचे दुःख कळावयास जर्मन भाषा लागत नाही.

दुसरी गोष्ट. ही वेळ त्या आईवरच का आली? ती निष्काळजी होती काय? मुळीच नाही. तिचे ताट वेळेवर होते, तिचे लक्ष घड्याळाकडे होते, तिचा कान जिन्याकडे होता. तिला शाळेच्या दाराशी जाऊन उभे राहता आले नाही, कारण टबात लोकांचे कपडे होते. ज्याच्या घरी कामास चार माणसे आहेत त्याचे मूल गाडीतून येते. जिच्या दोन हातांवर घर चालते तिचे मूल एकटे येते. गोरगरिबांच्या मुलांची राखण हा त्यांच्या आयांच्या प्रेमाचा प्रश्न नसून त्यांच्या सवडीचा प्रश्न आहे, आणि सवड ही जगात सर्वांस सारखी वाटलेली नाही. उसतोडीस जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, पहाटे खुरपणीस निघणाऱ्या आयांना हे कोणी समजावून सांगावयास नको. मूल हरवले की "आई काय करीत होती?" असे विचारणारे मात्र पुष्कळ निघतात. आई काम करीत होती! तिला दोष देणाऱ्यांनी आधी तिच्या टबात हात घालून पाहावा.

तिसरी गोष्ट भयाच्या व्यापाराची. त्या सात-आठ मिनिटांत भय किती ठिकाणी विकले जाते, मोजून पाहा. मुले भयाचे गाणे गातात. विक्रेता भयाची कादंबरी दारोदार विकतो, आणि खऱ्या भयाने कासावीस झालेली आई समोर उभी असता त्यास तिचे काही नसते. आणि आरंभीचा हा देखावा संपताच पहिला आवाज कोणाचा येतो? वर्तमानपत्रे विकणाऱ्या पोरांचा. जादा अंक! नवा खून! लोक अंकावर तुटून पडतात. त्या काळी हे काम कागद करीत असे. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे, आणि "गावात पोरे पळविणारी टोळी आली आहे" हा जादा अंक त्यावर फुकट येतो. पाठविणारा कोण, पाहिले कोणी, कोणत्या गावी घडले, यांतले काहीही त्यात नसते. भय तेवढे असते.

या भयाचे पुढे काय होते तेही बोलपटातच आहे. एका लहान मुलीने रस्त्यात एका म्हाताऱ्यास वेळ विचारली. त्याने सांगितली, व घरी जा असे म्हटले. इतक्यात एक धटिंगण येऊन त्याची मान धरतो. पोरीशी तुझे काय काम? भोवती गर्दी जमते. हाच तो, हाच तो, असा गिल्ला होतो. म्हातारा बिचारा थरथर कापत राहतो. खरा मारेकरी त्या वेळी आपल्या भाड्याच्या खोलीत सुखाने बसलेला असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

बंधूंनो, हे जर्मनीतले नाटक म्हणून आपल्यास सोडून देता येईल काय? १ जुलै २०१८ चा रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागून गावोगाव हिंडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, असे सांगतात. मोबाईलवर पोरे पळविणाऱ्यांच्या अफवा अगोदरच पसरल्या होत्या. जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारण्यात आले. पाचही निरपराध. बोलपटातला म्हातारा निदान जिवंत घरी गेला. आमचे पाच भाऊ गेले नाहीत. त्यांच्याही घरी ताटे होती. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच अफवांच्या दिवसांत दोन साधू व त्यांच्या गाडीचा चालक यांस जमावाने मारले. मारणारे कोणी राक्षस नव्हते. आपल्यासारखेच कष्टकरी लोक, मुलाबाळांचे आईबाप होते.

आता एक कडू गोष्ट सांगतो. जमावाचा हात अशा वेळी कोणावर पडतो? ज्याची ओळख देणारा गावात कोणी नाही, ज्याचे कपडे फाटके आहेत, ज्याची जात भटकी आहे, त्याच्यावर. सुटाबुटातल्या पाहुण्यास आपण चहा विचारतो आणि झोळीवाल्यास चोर म्हणतो. ही खोड आपल्यास कोणी लावली? जन्मावरून माणूस उंच-नीच ठरविणाऱ्या ज्या शास्त्रांनी आपल्यास शूद्र म्हणून हिणविले, त्याच शास्त्रांची ही शिकवण आहे. त्यावर इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. परंतु कोल्हापुरी शाहू छत्रपतींनी १९१८ सालीच महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना जवळ करून काम दिले. चोर म्हणून ज्यांस जग हाकलीत होते त्यांस महाराजांनी माणूस म्हटले. आपण महाराजांचे नाव घेतो, तसबिरीस हार घालतो. मग आपल्या वेशीवर डवरी, पारधी, बहुरूपी आला म्हणजे आपण महाराजांचे असतो की त्या जुन्या कायद्याचे असतो, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

भयावर राज्य करणारे लोक या गोष्टीची वाटच पाहात असतात. हिटलरचा उजवा हात गोबेल्स याने हा बोलपट मे १९३१ मध्ये पाहिला व रोजनिशीत त्याची स्तुती लिहिली. हळवेपणाविरुद्ध व देहान्त शिक्षेच्या बाजूने हा बोलपट आहे, आणि हे लांग एक दिवस आपले होतील, असे त्यास वाटले. त्याने पाहिले ते फक्त भय. आईचे ताट त्यास दिसले नाही. १९३३ साली तो पक्ष सत्तेवर आला. लांग देश सोडून गेले. मारेकऱ्याचे काम करणारे नट पीटर लॉरे हे ज्यू; तेही गेले. १९३४ साली बोलपटावर बंदी आली. आणि १९४० साली ज्यू लोकांविरुद्ध जो एक विषारी प्रचारपट त्या सरकारने काढला, त्यात याच बोलपटातला लॉरे यांच्या शेवटच्या भाषणाचा तुकडा घुसडला. जणू नटाने केलेली भूमिका हा त्याच्या जातीचा स्वभावच! एका मारेकऱ्याचे पाप एका सबंध समाजाच्या माथी मारण्याची ही रीत. पुढे त्या समाजाच्या लाखो लेकरांचे काय केले गेले, ते जगास ठाऊक आहे. मुलांच्या रक्षणाची गर्जना करणाऱ्यांनीच मुले मारली.

येथे कोणी विचारील, मास्तर, मग काय मारेकऱ्यास मोकळे सोडावे? नाही, सोडू नये. बोलपटातही तो सुटत नाही. पण त्यास ओळखले कोणी? हजारो कागद धुंडाळणाऱ्या मोठ्या अंमलदारांनी त्याचे घर शोधून काढले हे खरे. पण भर रस्त्यात त्यास ओळखले ते आरंभीच्या त्याच आंधळ्या फुगेवाल्याने. त्या दिवशीची शीळ त्याच्या ध्यानात होती. पुन्हा ती ऐकताच त्याने शेजारच्या पोरास सांगितले, आणि त्या पोराने खुन्याच्या कोटावर खडूने ते अक्षर उमटविले. जो आंधळा, जो दरिद्री, ज्याच्याकडे कोणी पाहात नाही, तोच सावध होता. पुढे चोरांची टोळी त्यास पकडून आपलेच न्यायालय भरविते व तेथल्या तेथे मारू पाहते. इतक्यात कायद्याचे लोक येऊन त्यास खऱ्या न्यायासनापुढे नेतात. आणि शेवटी पडद्यावर कोण येते? तीन शोकाकुल आया. त्यांत आरंभीची ती आईही आहे. शिक्षेने आमची मुले परत यावयाची नाहीत. मुलांना अधिक जपले पाहिजे, असे ती म्हणते. सूड घेण्याचा अधिकार जगात कोणास असेलच तर तिला. परंतु ती सूड मागत नाही. ती राखण मागते.

तर ती राखण कशी करावी? आम्ही आपल्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली. वाट एकट्या आईने पाहू नये, गावाने पाहावी. वस्त्यांवरची मुले टोळीने शाळेत यावी व टोळीने जावी, मोठ्याने लहानास घरापर्यंत पोहोचवावे. ज्या घरी म्हातारे माणूस आहे त्याने शाळा सुटण्याच्या वेळी वाटेवर बसावे. म्हाताऱ्यांस काम नाही असे कोण म्हणतो? हे काम आहे. मूल शाळेत आले नाही तर त्याच तासाला घरी कळविणे हे आमचे, म्हणजे शाळेचे, काम. ते होत नसेल तर आपण आम्हांस जाब विचारावा.

दुसरी. बागुलबुवाचे भय घालून मुलाचे रक्षण होत नाही. बर्लिनच्या पोरांना बागुलबुवाचे गाणे तोंडपाठ होते. एल्सीपुढे बागुलबुवा आला तो मात्र चांगला कोट घालून, गोड बोलत, फुगा घेऊन आला. म्हणून मुलास हे शिकवा की, आपले न सांगता कोणी काही दिले तर घेऊ नये, कोणी गुपित ठेवावयास सांगितले तर ते आधी आईस सांगावे, आणि नको वाटेल तेथे नाही म्हणून मोठ्याने ओरडावे. मूल सांगेल ते, मारल्यावाचून, ऐकून घ्या. मार खाल्लेले मूल पुन्हा सांगत नाही.

तिसरी. परक्यावर डोळा ठेवता ठेवता घरच्याकडे डोळेझाक करू नका. देशातील गुन्ह्यांचे सरकारी अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत की, लहान मुलींवरील बलात्काराच्या खटल्यांत शंभरांतील नव्वदांहून अधिक ठिकाणी आरोपी ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मालक, कधी कधी शिकविणाराही. हे बोलावयास आम्हांस लाज वाटते, पण न बोलणे हे पाप आहे. अशा अत्याचाराविरुद्ध २०१२ सालचा कायदा आहे, आणि गुन्हा माहीत असून तो न कळविणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे. अब्रूच्या नावाखाली पंचांनी असे प्रकरण मिटवू नये. अब्रू गुन्हेगाराची जाते, लेकराची नव्हे.

चौथी. मूल वेळेवर आले नाही तर रात्र होण्याची वाट पाहू नका. १०९८ किंवा ११२ हा आकडा फिरवा व पोलिसात जा. अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली असता गुन्हा नोंदवून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच बजावले आहे. "उद्या या" असे कोणी म्हणेल तर हे त्यास सांगा. आणि परक्या माणसाचा संशय आला तर त्यास बसवा, पाणी द्या, नावगाव विचारा, पोलीस पाटलास बोलवा. हात उगारू नका. राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनीच, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या असल्या हत्यांविरुद्ध सरकारांस कडक आज्ञा दिल्या आहेत. परंतु न्यायालयाच्या आज्ञेपेक्षा वेळेवर पुढे होऊन "थांबा!" म्हणणारा एक गावकरी अधिक उपयोगी. तो एक माणूस आपण व्हावे. यंत्रावर आलेली अफवा पुढे ढकलण्यापूर्वी, हे मी स्वतः पाहिले काय, एवढे एकदा विचारावे. आणि उत्तर नाही असे आले तर ती तेथेच पुरून टाकावी.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात फसलेल्या विधवांसाठी प्रसूतिगृह काढले, तेव्हा लोकांनी काय थोडी नावे ठेवली? पण मूल कोणाचे, जात कोणती, बाप कोण, हे त्यांनी विचारले नाही. मूल जगले पाहिजे, एवढेच पाहिले. त्यांच्या घरी अशाच एका लेकरास ताट मिळाले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि प्लेगात रोग्यांची सेवा करीत राहिला. राखण म्हणतात ती ही.

मायबहिणींनो, बंधूंनो, आपल्या दारात वाट चुकलेले पोर आले तर ते कोणाचे हे नंतर पाहू; आधी त्यास जेवू घालू. आपल्या वेशीवर झोळीवाला आला तर तोही कोणा आईचे लेकरू आहे, आणि तिने कोठेतरी ताट झाकून ठेवले आहे, हे विसरू नये. आमचे सांगणे येथे संपले. आता शाळा सुटल्यावर वाटेवर कोणी बसावयाचे ती नावे येथेच, याच सभेत, लिहून घेऊ. आमचे नाव पहिले लिहा.